कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

फ्लेक्सवाल्याकडे डिझाइन घेऊन गेलात की पहिला प्रश्न ठरलेला: “कोरलची फाइल आहे ना? फॉन्ट कर्व्ह केलेत का?” पुस्तक छापणाऱ्या प्रेसला कोरलशी देणंघेणं नसतं, त्यांना धड पीडीएफ हवी असते. मोबाइल ॲप करून घेणारं गिऱ्हाईक फिग्माची लिंक मागतं आणि स्नेहसंमेलनाचं पोस्टर हवं असलेले मुख्याध्यापक म्हणतात, “कॅनव्हात करून द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तारीख आम्हीच बदलू.” गिऱ्हाइकं चार आणि सॉफ्टवेअरंही चार. यातलं कोणतं विकत घ्यायचं, कुणाला शिकवायचं, पुढची पाच-सात वर्षं कशावर काढायची, हे आपल्याकडची छोटी डिझाइन-डीटीपी ऑफिसं बहुधा दोनच रीतींनी ठरवतात. शेजारच्याकडे काय आहे ते बघायचं, किंवा ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरचं ऐकायचं.

या रीती वाटतात तितक्या वेडगळ नाहीत. शेजारी तेच सॉफ्टवेअर वापरत असेल तर अडल्यावर हाक मारता येते आणि आपला माणूस सोडून गेला तर बदली माणूस गावात मिळतो. त्यांची अडचण एवढीच की त्या कालपर्यंतच्या अनुभवावर चालतात, आणि या धंद्यात काल आणि उद्या यांचं फारसं जमत नाही.

जरा मागे जाऊन बघू. १९८५ मध्ये आल्डस कंपनीचं पेजमेकर आलं आणि टेबलावरच्या संगणकावर पानं लावण्याचा धंदा सुरू झाला. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डसला आपल्यात घेतलं, १९९९ मध्ये स्वतःचं इनडिझाइन काढलं, आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकर तिथेच थांबलं. फ्रीहँडची गोष्ट याहून बोलकी आहे. चित्रं रेखाटण्यात ते इलस्ट्रेटरला तोडीस तोड होतं, त्याच्यावर जीव टाकणारे डिझायनर होते. २००५ मध्ये ॲडोबीने त्याची मालक कंपनी मॅक्रोमीडियाच विकत घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँडवर आता पुढे काम होणार नाही, असं जाहीर केलं. सॉफ्टवेअरमध्ये खोट नव्हती. मालक बदलला, एवढंच.

मे २०१३ मध्ये ॲडोबीने आणखी एक घोषणा केली: आपल्या सॉफ्टवेअर-संचाची सीएस ६ ही एकरकमी मिळणारी शेवटची आवृत्ती, यापुढे फक्त वर्गणी. सप्टेंबर २०२२ मध्ये ती फिग्मा २० अब्ज डॉलरना घ्यायला निघाली. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या स्पर्धा-नियामकांनी आक्षेप घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये हा व्यवहार मोडला आणि ठरल्याप्रमाणे ॲडोबीला १ अब्ज डॉलर फिग्माला द्यावे लागले. या धामधुमीत ॲडोबीच्याच, फिग्माशी स्पर्धा करणाऱ्या एक्सडीत नवी भर पडणं थांबलं, म्हणजे फिग्माऐवजी एक्सडी शिकून घेतलेल्यांची शिकवणी वाया गेली. ‘एकदाच पैसे भरा, वर्गणी नाही’ असं सांगत ॲफिनिटी ही डिझाइनची सॉफ्टवेअरं विकणारी नॉटिंगहॅमची सेरिफ कंपनी मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतली. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ॲफिनिटीचे तिन्ही प्रोग्रॅम एकत्र करून ते चक्क फुकट झाले. अट एवढीच की कॅनव्हाचं खातं हवं, आणि एआयची साधनं मात्र पैसे भरणाऱ्यांनाच मिळणार.

२०२० साली कुणी वही घेऊन बसला असता आणि ‘पुढे काय काय होऊ शकेल’ याची यादी केली असती, तरी ‘ॲफिनिटी फुकट होईल’ ही ओळ त्या यादीत असती का, याची मला शंका आहे. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मधल्या पुस्तकात जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला तो हाच. फाशात सहा बाजू असतात हे माहीत असतं, तिथे जोखीम मोजता येते. इथे बाजू किती, हेच ठाऊक नसतं.

म्हणून निर्णयशास्त्राच्या पद्धती इथे वापरायच्या, पण त्यांच्याकडून ‘विजेता कोण’ याचं उत्तर मागायचं नाही. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. जे ठाऊक नाही त्यातलं काय तपासून घेता येईल आणि काय कधीच तपासता येणार नाही, याची वाटणी त्या करून देतात. पहिल्या ढिगाला चाचणी हा उपाय. दुसऱ्या ढिगासाठी थोडं गणित आणि बाहेर पडायची वाट.

उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरात चार जणांचं डिझाइनचं ऑफिस आहे. हंगामात लग्नपत्रिका, वर्षभर फ्लेक्स आणि पॅकिंगचे खोके, अधूनमधून पुस्तकं, एक दिवाळी अंक आणि आता रोजच्या सोशल मीडियाच्या पोस्ट. त्यांच्यापुढे पर्याय चार: ॲडोबीची वर्गणी, कोरलड्रॉ, ॲफिनिटी, आणि इंकस्केप-स्क्रायबस-गिंप हे मुक्त, फुकट त्रिकूट. पाचवा पर्याय कुणी कागदावर लिहीत नाही, पण असतो: चोरीची कॉपी. ती लिहाच. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाखाली, बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण पत्रिका छापून पैसे घेणाऱ्याला त्या सवलतीचा उपयोग नाही. कागदावर लिहिलं की ‘फुकट’ हा शब्द आपोआप खोडला जातो.

सुरुवात गुणांनी करू नका, चाळणीने करा. काही गोष्टी अशा असतात की त्या नसतील तर बाकीचे गुण कितीही असून उपयोग नाही. गुणांच्या तक्त्यात एका ठिकाणची उणीव दुसरीकडून भरून निघते, तो त्याचा स्वभावच आहे. पण ‘रफार चुकतो, तरी स्वस्त आहे ना’ अशी भरपाई मराठी पुस्तकात चालत नाही. आपल्या ऑफिसच्या चाळणीत तीन गोष्टी येतील: देवनागरी बिनचूक उमटणं, प्रेसला चालेल अशी चार रंगांची पीडीएफ निघणं, आणि आहेत त्या संगणकांवर चालणं.

यातली पहिली जरा जवळून बघण्यासारखी आहे. कोणत्याही सॉफ्टवेअरची चाचणी घेताना आपल्याच कामातला एक परिच्छेद घ्या आणि त्यात हे शब्द मुद्दाम घाला: ऱ्हस्व, वाऱ्यावर, कीर्ती, उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, द्वंद्व, ॲप, स्त्रियांनी. ज्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही, त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात, पाय मोडलेली अक्षरं उघडी पडतात. ॲफिनिटी इतकी नावाजली गेली, तरी तिच्या पहिल्या दोन पिढ्यांत देवनागरीची नेमकी हीच गत होती, त्यामुळे मराठी ऑफिसात ती पहिल्या चाळणीतच अडकायची. नवीन आवृत्ती आली की जाहिरात वाचू नका, हा परिच्छेद टाका. मग ‘ल’ आणि ‘श’ बघा. या दोन अक्षरांचं मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळं. चांगल्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फॉन्टाला सांगावं लागतं. तशी सोय नसेल तर मराठी कादंबरी हिंदी ‘ल’ घेऊन छापली जाते आणि मुद्रितशोधक कपाळाला हात लावतो. शेवटी पीडीएफ काढा, तिच्यातला परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि मजकूर जसाच्या तसा उतरतो का ते बघा. इथे भलीभली सॉफ्टवेअरं अडखळतात. ई-बुक किंवा वेबसाइट करायची असेल, तरच या शेवटच्या परीक्षेला वजन द्या.

चाचणी घेणाऱ्यालाही थोडी माहिती हवी. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावलेला नसेल तर चांगला युनिकोड मजकूरही विस्कटतो. तो लावला की सगळं जागेवर येतं. ती एक निवड ठाऊक नसलेला माणूस दहा मिनिटांत इनडिझाइनला नापास करून मोकळा होईल. इंकस्केप देवनागरी उत्तम जुळवतं, पण त्याचा पिंड पडद्यावरच्या तीन रंगांचा. छपाईच्या चार रंगांसाठी काम स्क्रायबसमधून न्यावं लागतं, आणि स्क्रायबसची देवनागरी बघायची तर १.६ मालिकेपासूनची आवृत्ती घ्यावी. जुन्या आवृत्तीवर मत बनवलेले लोक अजून भेटतात.

चाळणीनंतर दोन-तीन पर्याय उरतील. आता वजनांचा आणि गुणांचा तक्ता. ही रीत जुनी आहे. १७७२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली नवी नोकरी धरावी की नाही या पेचात होते, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्यांना पत्रातून ती कळवली होती. कागदाच्या मधोमध रेघ मारा, एकीकडे बाजूचे मुद्दे, दुसरीकडे विरोधातले. सारख्या वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर खोडत जा, काय उरतं ते बघा. फ्रँकलिन यांच्या सल्ल्यातला एक भाग हल्ली कुणी पाळत नाही: यादी एका बैठकीत करायची नाही, तीन-चार दिवस ती भरत राहू द्यायची. पहिल्या दिवशी सुचतात ते सगळे मुद्दे आपण मनात आधीच ठरवलेल्या बाजूचे असतात.

वजनं देताना मात्र हमखास एक घोटाळा होतो. ऑफिसचे मालक म्हणतात, “आम्हाला खर्च सगळ्यात महत्त्वाचा, त्याला ४० टक्के.” ऐकायला बरोबर वाटतं. पण चाळणीतून उरलेल्या पर्यायांत महिन्याला पाचशे रुपयांचाच फरक असेल, तर पैसा कितीही महत्त्वाचा असला तरी या निर्णयात त्याचं वजन नगण्य आहे. वजन निकषाच्या नावाला देत नाहीत. उरलेल्या पर्यायांतला सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगला यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतराला वजन द्यायचं असतं. त्यासाठी प्रश्न असा विचारा: समजा, आपल्या पदरात सगळ्याच बाबतींत सर्वांत वाईट सॉफ्टवेअर पडलं आणि एकच बाब वाईटातून चांगल्यावर न्यायची मुभा आहे, तर कोणती नेऊ? तिला १०० द्या. मग दुसरी, तिला पहिलीच्या तुलनेत किती ते ठरवा. आपल्या ऑफिसात हा खेळ मनापासून खेळला, तर ‘खर्च’ खाली घसरून ‘फ्लेक्सवाल्याला आणि प्रेसला चालणारी फाइल’ वर येण्याची शक्यता दाट आहे.

वजनांवरून फार भांडूही नये. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये एका गाजलेल्या लेखात दाखवलं की निकष योग्य निवडले असतील, तर सगळ्यांना सारखं वजन देणारा ओबडधोबड हिशेबसुद्धा तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो. थॉमस साटी यांची एकेका जोडीची तुलना करत वजनं काढण्याची पद्धत, एएचपी, सरकारी आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदीत फार वापरतात. तिचं गणित देखणं आहे, पण तिच्यात एखादा फालतू पर्याय यादीत वाढवला तर वरच्या दोघांचा क्रम उलटू शकतो, हे १९८३ मध्येच दाखवलं गेलं आहे. चार माणसांच्या ऑफिसला तिची गरज नाही. सारखी वजनं देऊन एकदा आणि आपली वजनं देऊन एकदा बेरीज करा. दोन्हींत तोच पर्याय वर आला तर वाद संपला. वेगळा आला, तर नेमक्या कोणत्या वजनामुळे, ते शोधा आणि तेवढ्यावरच चर्चा करा.

आणखी एक पथ्य. गुण आणि वजनं एकाच माणसाने देऊ नयेत. ‘शिकायला किती सोपं’ याचे गुण जो रोज आठ तास बसणार आहे त्याने द्यावेत, मालकाने नव्हे. मालकाचा अधिकार वजनांवर. आणि गुण सगळ्यांनी आधी आपापल्या कागदावर लिहावेत, मगच बोलावं. नाहीतर जुन्या ऑपरेटरने “कोरलशिवाय आपलं चालायचं नाही,” असं म्हटलं की नवी मुलगी आपला ॲफिनिटीचा अनुभव गिळून टाकते.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले अभियांत्रिकी डिझाइनचे प्राध्यापक स्टुअर्ट प्यू यांचा तक्ता मला या कामासाठी सगळ्यात आवडतो. त्यात आकडे नसतात. एक पर्याय आधाराला धरायचा, इथे ‘आहे तेच चालू ठेवणं’. बाकीच्या प्रत्येकाला त्याच्याशी ताडून अधिक, उणे किंवा ‘सारखंच’ एवढंच लिहायचं. बेरीज करून थांबणाऱ्याला प्यू यांची पद्धत कळलीच नाही, असं म्हणावं लागेल. तिचं मर्म त्यानंतर आहे: उणे पडलेल्या जागा बघायच्या आणि दोन पर्यायांचं कलम करून नवा, तिसरा पर्याय तयार करता येतो का ते शोधायचं. आपल्या ऑफिसात चौघांनाही एकच सॉफ्टवेअर हवं, असा नियम कुणी केला? पुस्तकं आणि दिवाळी अंक लावणाऱ्या एका खुर्चीला ॲडोबीची वर्गणी, बाकी तिघांना एकरकमी किंवा फुकट काहीतरी, असा मिश्र पर्याय मूळ यादीत नव्हताच. तो तक्त्यातून निघाला.

आता दुसरा ढीग, जो तपासता येत नाही. वर्गणी तीन वर्षांनी किती असेल, हे कुणालाच ठाऊक नाही, बहुधा खुद्द कंपनीलाही नाही. इथे थोडं गणित, आकडे माझ्या मनाचे. समजा, भविष्य दोनच प्रकारचं: वर्गणी जवळपास तेवढीच राहते, किंवा भरमसाट वाढते. सगळ्यांना वर्गणी घेतली तर ऑफिसचा वर्षाचा फायदा पहिल्या भविष्यात ३०० हजार, दुसऱ्यात १००. मिश्र पर्यायात २६० आणि १७०. सगळं फुकट त्रिकुटावर नेलं तर १८० आणि १९०.

संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये अशा वेळी एक युक्ती सांगितली. प्रत्येक भविष्य आलं असं धरा आणि ‘तेव्हा सगळ्यात चांगलं निवडलं असतं तर’ याची हळहळ किती ते मोजा. वर्गणी स्थिर राहिली तर हळहळ अनुक्रमे ०, ४० आणि १२०. वर्गणी भडकली तर ९०, २० आणि ०. म्हणजे सर्वांत वाईट घडलं तर पहिल्या पर्यायाची हळहळ ९०, मिश्राची ४०, तिसऱ्याची १२०. गंमत बघा: मिश्र पर्याय कोणत्याच भविष्यात पहिला येत नाही, तरी पस्तावायची वेळ त्याच्यावर सगळ्यात कमी. ज्या ऑफिसाला मागाहून फार पस्तावायची वेळ नको असेल, त्याने असंच निवडावं.

शक्यता धरून सरासरी काढायची असेल, तरी नेमकी टक्केवारी लागत नाही. वरच्या आकड्यांवर, वर्गणी भडकण्याची शक्यता शंभरात सुमारे ३६ पेक्षा कमी वाटत असेल तर सगळ्यांना वर्गणी फायद्याची. ३६ ते ८० मध्ये मिश्र. ८० च्या वर गेली तरच सगळं फुकट त्रिकुटावर. आता वाद सुटसुटीत झाला. ‘नेमके किती टक्के’ असं कुणी विचारत नाही, ‘छत्तीसच्या वर की खाली’ एवढंच सांगायचं.

आणि शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर भविष्य आधीच कळण्याची किंमत किती? मिश्र पर्यायाची सरासरी २१५ हजार. भविष्य आधी कळलं असतं तर प्रत्येक वेळी योग्य तेच निवडून सरासरी २४५ मिळाली असती. फरक ३० हजार. याचा अर्थ, या प्रश्नावरची कुणाचीही भविष्यवाणी, कितीही खात्रीची असली तरी, ३० हजारांपेक्षा जास्त मोलाची नाही, आणि तशी खात्रीची भविष्यवाणी विकायला कुणी बसलेलं नाही. उलट रफार फुटतो की नाही, हे एका दुपारी, फुकट कळतं. तरी ऑफिसांत चर्चा कशावर रंगते? कंपनी पुढे काय करील यावर. परिच्छेद टाकून बघायला मात्र कुणाला सवड नसते.

राहिली बाहेर पडायची वाट. ती नसण्याची किंमत मराठीत एकदा मोजून झाली आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, या साधनांनी मराठी डीटीपी उभं केलं, हे ऋण मोठं आहे. पण त्या काळच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट आहे तोवर पान सुरेख. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि खुणांचा चिवडा. त्या मजकुरात शोध घेता येत नाही, तो वेबसाइटवर चढत नाही. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरांच्या जागी चुका राहतात आणि पूर्ण पुस्तकाचं मुद्रितशोधन नव्याने करावं लागतं. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना प्रकाशक सगळं पुन्हा टाइप करायला देतात, ते यामुळे.

कर्व्ह केलेल्या फाइलचंही तेच. फ्लेक्सवाल्याकडे फॉन्ट नाही म्हणून अक्षरांचे आकार करून द्यायचे, हे ठीक. पण ऑफिसात तेवढीच एक फाइल ठेवली, तर पुढच्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांचं नाव बदलायला अक्षरच शिल्लक नसतं, नुसत्या रेषा असतात. म्हणून तक्त्यात एक निकष न विसरता घाला: उद्या हे सॉफ्टवेअर सोडलं, तर माझं काय काय माझ्याकडे उरतं? इनडिझाइनची फाइल आयडीएमएल रूपात जपली तर ती ॲफिनिटीत आणि बऱ्याच अंशी स्क्रायबसमध्ये उघडता येते. रेखाटनं एसव्हीजीत ठेवली तर ती कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेली राहत नाहीत, एसव्हीजी हे २००१ पासून खुलं मानक आहे. पीडीएफ छापायला पक्की, पण दुरुस्तीला निरुपयोगी. आणि पुस्तकाचा अंतिम, तपासलेला मजकूर पानांच्या फाइलबाहेर, साध्या युनिकोडमध्ये ठेवलाच पाहिजे. माझ्या मते या एका निकषाला बाकी दोन निकषांइतकं वजन द्यावं. वैशिष्ट्यं दर वर्षी बदलतात, वीस वर्षांचं काम पुन्हा होत नाही.

सगळं ठरलं की सही करण्याआधी अर्धा तास आणखी द्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन सुचवतात तसं, सगळ्यांनी मिळून असं धरा की दोन वर्षं झाली आणि हा निर्णय सपशेल फसला. आता प्रत्येकाने तो का फसला ते लिहायचं. ‘फसेल का?’ असं विचारलं की माणसं मालकाच्या तोंडाकडे बघतात. फसलाच आहे, असं धरलं की बोलायला लागतात: एकच खुर्ची वर्गणीची, आणि तिच्यावर बसणारा नेमका दिवाळी अंकाच्या वेळी आजारी पडला. हे कागदावर आलं की दुसऱ्या एकाला आत्ताच शिकवून ठेवता येतं.

माझं मत विचाराल, तर अशा ऑफिसाने मिश्र पर्याय घ्यावा, वर्गणी एकाच खुर्चीची ठेवावी, फ्लेक्ससाठी कोरलची एक प्रत राखावी आणि दर वर्षी एकदा तक्ता पुन्हा काढावा. बदल करायचाच असेल तर वेळ साधून करा. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात, पत्रिकांचं काम ओसरतं, गणपतीचे फ्लेक्स आणि दिवाळी अंकाची पानं अजून यायची असतात. ते दोन-तीन आठवडे शिकायला द्या. सप्टेंबरात, पानं प्रेसला जायच्या तोंडावर, नव्या सॉफ्टवेअरला हात लावू नका.